डेपोचा सा

माझ्या थोरल्या जाऊबाई बस चालवतात. हे मी पहिल्यांदा सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी ते दोनदा वदवून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "कंडक्टर असेल गं, तू नीट बघ." त्यात नीट काय बघायचं? मी त्याच डेपोच्या कँटीनमध्ये आहे. सकाळचा पहिला चहा जाऊबाईंच्या हातात मीच देते आणि तो कालच्यापेक्षा कसा पुचाट झालाय हे रोज ऐकून घेते. एवढी मोठी बस गल्लीबोळातून लीलया वळवणारी बाई, पण चहात साखर अर्धा चमचा इकडची तिकडे झाली की तोंड वाकडं.

या देशात येताना कुणी भांडी आणली, कुणी गोधड्या आणल्या. जाऊबाईंनी पेटी आणली. बाजाची पेटी. वजन जास्त भरलं म्हणून विमानतळावर कपड्यांची अख्खी बॅग परत पाठवली, आणि आमचे थोरले भावजी दोन कोट, तीन शर्ट अंगावर चढवून घामाघूम होत विमानात बसले. अजून तो विषय निघाला की ते खोलीतून उठून जातात. पेटी जाऊबाईंच्या वडिलांची. ते शाळेत गाणं शिकवायचे आणि घरी पुढच्या खोलीत लोकांच्या पेट्या दुरुस्त करायचे. पेटीबरोबर त्यांची हत्यारंही आली, कापडाच्या गुंडाळीत बांधलेली: बारीक कानस, ब्लेडचं पातं, वाकडे आकडे. दात कोरायला बरी, असं मी एकदा म्हटलं होतं. आठवडाभर बोलल्या नाहीत माझ्याशी.

आधी त्या एका धुलाईच्या कारखान्यात चादरी घडी करायच्या. मग ड्रायव्हर हवेत अशी पाटी दिसली आणि म्हणाल्या, मी शिकते. शिकल्या. त्यांच्या वाट्याला आलेला रस्ता कुणालाच नको असायचा, कारण तो आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या लोकांच्या वस्त्यांमधून जातो, सगळी गर्दी, सगळी पोरंबाळं, सगळ्या पिशव्या. जाऊबाईंना मात्र तोच आवडला. सिग्नलला थांबल्या की त्या खिडकीची काच खाली घेतात, थंडी असो काही असो. बेकरीच्या गल्लीत तळघरात ढोल बडवणारे लोक आहेत. न्हाव्याच्या दुकानावरच्या मजल्यावर लांब मानेचं तारांचं वाद्य कुणीतरी रोज छेडतं. इस्पितळाच्या मागे नर्सबायका ड्युटी संपली की घोळक्यानं गातात, चार चार आवाजांत, ऐकलं की अंगावर काटा येतो. कुणाचा देश कुठला, मला नीट सांगता यायचं नाही. जाऊबाईंना देश नाही, थांबा माहीत असतो. "अगं धाकटे, सहाव्या थांब्यावर आज नवीन माणूस बासरी वाजवतोय," असं त्या चहा पिता पिता सांगणार.

डेपोतली दुपार म्हणजे रिकामा वेळ. ड्रायव्हरांना सकाळची गर्दी आणि संध्याकाळची गर्दी, मधल्या वेळात घरी जावं तर जाण्यायेण्यातच दुपार संपते. म्हणून सगळे विश्रांतीच्या खोलीत पडलेले असतात. लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, पोट फाटलेला सोफा, आणि भिंतीलगत गरम पाण्याचा जाड पाइप, खोली ऊबदार राहावी म्हणून. एका दुपारी जाऊबाईंनी तिथे पेटी आणून वाजवायला घेतली. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हटलं, आता हसतील लोक. पण कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं वर्कशॉपचे मिस्त्री दारात येऊन उभे राहिले, चिंध्यांना हात पुसत. इंजिनं दुरुस्त करणारा, सहा फुटी, पांढऱ्या मिशांचा, कामापुरतंच बोलणारा माणूस. गाणं संपेपर्यंत हात पुसतच होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री त्यांची पेटी घेऊन आले. गळ्यात अडकवायची, दोन्ही हातांनी ओढायची, अ‍ॅकॉर्डियन म्हणतात तिला. मी आपली गळ्यातली पेटी म्हणते. तीही त्यांच्या वडिलांची, डोंगरापलीकडच्या कुठल्याशा गावातून पाठीवर बांधून आणलेली. मग टायर बदलणारा पोरगेला गडी व्हायोलिन घेऊन आला. त्याच्या देशात ते छातीशी धरून वाजवतात म्हणे. आणि बस धुणारी सफाईवाली, ती आधी उलट्या बादलीवर ठेका धरायची, मग घरून ढोल आणायला लागली. चौघांचे चार देश. इथली भाषा सगळ्यांनाच मोडकी येते, त्यामुळे कुणी कुणाच्या चुका काढत नाही. फार छान जमलं त्यांचं.

जमलं म्हणजे, अर्धंच. दोन्ही पेट्यांच्या पोटात धातूच्या बारीक जिभा असतात, वारा गेला की त्या थरथरतात आणि सूर निघतो. तो सूर कानशीनं घासून एकदा ठरवला की ठरला. व्हायोलिनसारखी खुंटी पिळून वरखाली करायची सोय नाही. आणि मिस्त्रींची पेटी जाऊबाईंच्या पेटीपेक्षा केसभर चढी. वेगवेगळ्या ऐकल्या तर दोन्ही गोड. एकत्र वाजल्या की दात आंबतात. बरं, कुणी आपला सूर घासून बदलावा, तर ते बोलायचीही चोरी. मिस्त्री म्हणायचे, हा सूर माझ्या बापानं लावलाय. जाऊबाईंचंही तेच, हा सूर बाबांचा. त्यामुळे ही वाजवायची तेव्हा ते थांबायचे, ते वाजवायचे तेव्हा ही थांबायची.

दर वर्षी गावच्या मोठ्या सभागृहात देशोदेशीच्या संगीताचा कार्यक्रम होतो. त्यासाठी निवड करणारी बाई डेपोत ऐकायला आली. चांगली होती बाई, चहा आवडला तिला. तिनं विचारलं, "तुम्ही कुठल्या देशाचं वाजवता?" कारण तिथे प्रत्येक देशाचा वेगळा वेळ ठरलेला असतो. चौघं एकमेकांकडे बघायला लागली. टायरवाला म्हणाला, "डेपोचं." बाई हसली. पण ऐकून झाल्यावर स्पष्टच म्हणाली, "तुम्ही दोघं पेटीवाले एकमेकांना रस्ता देता, पण एका गाडीत काही बसत नाही. एकत्र वाजवा, शेवटची जागा मी तुमच्यासाठी ठेवते. महिनाभरानं परत येईन."

बाई खरं बोलली म्हणूनच जाऊबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. घरी येऊन भांडी आपटली. त्यांना त्या सभागृहात वाजवायचं होतं, तोंडानं कबूल करत नव्हत्या एवढंच. त्यांच्या बसचा शेवटचा थांबा त्या सभागृहासमोरच आहे. इतकी वर्षं त्या दारापर्यंत माणसं नेऊन सोडली, आत कधी गेल्या नव्हत्या.

आणि त्यात तो प्रकार घडला. त्या दिवशी पाऊस असा झोडपत होता की वर्कशॉपचं छत गळायला लागलं. मिस्त्री वाटेत बंद पडलेल्या बसकडे गेलेले. जाऊबाई डबा घ्यायला तिकडून गेल्या तर मिस्त्रींची पेटी चिंब. पेटीला ओल लागली तर तिचं वाटोळं होतं, हे त्या लहानपणापासून बघत आल्या होत्या. त्यांचे वडील पावसाळ्यात पेटीशेजारी दिवा लावून ठेवायचे, ऊब राहावी म्हणून. जाऊबाईंनी तेच केलं. पेटी पुसली, विश्रांतीच्या खोलीत नेली, त्या जाड पाइपावर ठेवली, वरून स्वतःची शाल घातली आणि संध्याकाळच्या फेरीला गेल्या. मनातून खूश होत्या, मिस्त्रींची पेटी वाचवली म्हणून.

आपल्या पेटीत त्या जिभा पितळेच्या असतात आणि स्क्रूनं घट्ट बसवलेल्या. गळ्यातल्या पेटीत त्या पोलादाच्या, आणि मेणानं चिकटवलेल्या. मेणानं. त्या पाइपावर मी ओली फडकी वाळवते, ती कडकडीत होतात, मग मेणाची काय कथा. फेरीवरून परत येऊन जाऊबाईंनी पेटी उचलली तर आत डब्यात खिळे हलवावेत तसा आवाज. शाल मेणानं बरबटलेली. मी तिथेच होते. त्यांचा चेहरा मी भावजींच्या आजारपणातसुद्धा असा बघितला नव्हता.

दुसरं कुणी असतं तर छत गळतं म्हणून मोकळं झालं असतं. ही बाई तशीच पेटी घेऊन वर्कशॉपमध्ये गेली आणि उभ्या उभ्या म्हणाली, "मिस्त्री, मी बिघडवली. आमच्याकडे ऊब देतात, म्हणून दिली." मिस्त्रींनी पेटी हलवून आवाज ऐकला. पेटी बाकाखाली ठेवली आणि इंजिनाखाली सरपटत गेले. नुसते त्यांचे बूट दिसत राहिले.

त्यानंतर मिस्त्री दुपारचे खोलीत येईनात. व्हायोलिन नाही, ढोल नाही, सगळे आपले सोफ्यावर पडून फोन बघणारे. सुतक असल्यासारखी खोली. मी जाऊबाईंना म्हटलं, "द्या सोडून, माणूस राग धरून किती दिवस बसेल." त्या म्हणाल्या, "राग नाही गं तो. त्यांच्या बापाचा आवाज होता त्यात, तो मी बंद पाडला." आणि जेवत्या ताटावरून उठल्या.

दुसऱ्या दुपारी हत्यारांची गुंडाळी काखेत मारून त्या वर्कशॉपात गेल्या. मी मागोमाग, चहा द्यायच्या निमित्तानं. मला काय, घडलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय झोप येत नाही.

"उघडा पेटी," जाऊबाई म्हणाल्या.

"तुम्हाला काय कळतं यातलं?"

"यातलं काही नाही. पण सुराची जीभ ओळखता येते. तुम्ही शिकवा, मी बसवते."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काही मदत करीन. मी चहा पुढे केला. तो प्यायले आणि पेटी उघडली.

तिथून आमच्या डेपोत जे काही चाललं त्याला तोड नाही. मिस्त्री म्हणाले, नुसतं मेण ठिसूळ पडतं, त्यात राळ घालावी लागते, आणि मेणही मधमाशांचंच हवं. राळ टायरवाल्याकडे होती, व्हायोलिनच्या गजाला घासायला लागते ना. मेण मी आणलं, बाजारात मध विकणाऱ्या म्हातारीकडून, घासाघीस करून. ते वितळवलं कुठे, तर माझ्या कँटीनच्या चांगल्या पातेल्यात. पहिला घाणा तडकला, दुसरा चिकट झाला. मिस्त्री अंगठ्यावर थेंब घेऊन दाबून बघायचे आणि मान हलवायचे. तिसरा जमला. पातेलं कामातून गेलं ते गेलं, अजून त्यात दूध तापवलं तर राळेचा वास येतो.

मग एकेक जीभ उचलायची, तिची जागा शोधायची, मेण ओतायचं. सफाईवाली नजरेची तीक्ष्ण, तिनं पेटीच्या तळाशी पडलेल्या जिभा वेचून एका जुन्या चादरीवर मांडल्या. मिस्त्रींची बोटं जाड, इंजिनाची. बसवायचं काम जाऊबाईंच्या बोटांनी केलं. दुपारमागून दुपार. ड्रायव्हर लोक येऊन बघून जायचे, कुणी दिवा धरायचं, कुणी फुकटचे सल्ले द्यायचं. फुकटचे सल्ले देणाऱ्यांना मी बाहेर काढायची.

सगळ्या बसल्या आणि पेटी वाजली. पण काय वाजली. निम्मे सूर जागेवर, निम्मे ढळलेले. आता घासून नव्यानं लावायची वेळ. मिस्त्रींनी कानस हातात घेतली आणि जाऊबाईंना म्हणाले, "तुमचा सा द्या." सा हा शब्द ते त्यांच्याकडूनच शिकले होते.

जाऊबाईंचा हात पेटीवरच राहिला. म्हणाल्या, "नाही. तुमच्या वडिलांचा सूर मी बिघडवला, आता माझ्या बापाचा त्यात घालायचा? लोक काय म्हणतील ते जाऊ दे, मलाच झोप लागायची नाही. माझी पेटी घासते, तुमच्याइतकी चढवते."

"तुमच्या बापानं लावलेली पेटी घासणार?"

"घासणार."

"मी घासू देणार नाही."

घ्या. आधी दोघंही आपला सूर सोडायला तयार नव्हती, आता दुसऱ्याचा घ्यायला तयार नाहीत. दोन दुपारी ह्या वादात गेल्या. मी हात टेकले. टायरवाल्यानं हात टेकले. निवडवाल्या बाईची तारीख दोन दिवसांवर आलेली. शेवटी सफाईवाली, जी कधी फारसं बोलत नाही, ती ढोल बाजूला ठेवून बाहेर गेली, धुवायला उभ्या असलेल्या बसमध्ये चढली आणि उतारूंनी दाबायची घंटी दाबली. टिंग. आमच्या सगळ्या बसना एकाच कारखान्यातल्या घंट्या आहेत, सगळ्यांचा आवाज एक. ती पुन्हा दाबत राहिली. टिंग. टिंग. खिडकीतून तोंड काढून म्हणाली, "हा घ्या की. हा कुणाच्याच बापाचा नाही."

जाऊबाईंनी पेटीवर सूर धरून बघितला. घंटी त्यांच्यापेक्षा जराशी चढी. मिस्त्रींनी धरून बघितला. त्यांच्यापेक्षा जराशी उतरती. बरोबर मधे. मिस्त्रींच्या मिशांखाली हसू आलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. मग काय, सफाईवाली बसमध्ये बसून घंटी दाबतेय आणि खाली दोघं समोरासमोर कानस चालवतायत. पितळ मऊ, ते लवकर ऐकतं. पोलाद हट्टी, ते मिस्त्रींसारखं. जाऊबाईंनी वडिलांनी लावलेल्या पहिल्या जिभेवर कानस टेकवली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. पण हात थांबला नाही. मला आमच्या या बाईचा इतका अभिमान वाटला की मी त्यांच्या चहात साखर अर्धा चमचाही इकडची तिकडे होऊ दिली नाही.

निवडवाली बाई आली, ऐकलं, आणि एकच वाक्य म्हणाली, "शेवटची जागा तुमची."

आता त्या शेवटच्या जागेचं सांगते. सभागृहात प्रत्येक देशाची माणसं आपापल्या कोपऱ्यात बसतात. आपल्या लोकांचं झालं की टाळ्या वाजवून कोट चढवून घरी. म्हणजे शेवटी येणाऱ्याला रिकाम्या खुर्च्या. आमची चौघं मंचावर आली तेव्हा निम्मं सभागृह उठून उभं होतं, पोरं कडेवर घेतलेली, बायका पिशव्या आवरतायत. माझा जीव टांगणीला लागला. शेजारी भावजी बसलेले, एकाच कोटात, तेही हातावर हात चोळतायत. जाऊबाई अजून पेटीला हात लावत नव्हत्या.

सफाईवालीनं भंगारात काढलेल्या बसमधली घंटी सोडवून आणली होती. ती तिनं दाबली. टिंग.

सगळं सभागृह जागच्या जागी थांबलं. रोज सकाळ-संध्याकाळ ऐकलेला आवाज तो, या गावात बसनं जाणाऱ्या प्रत्येक माणसाच्या अंगात मुरलेला. एक म्हातारा तर चक्क दाराकडे वळला आणि मग स्वतःच हसायला लागला. हसू पसरत गेलं. माणसं उभी होती ती कोटासकट खाली बसली. आणि दोन्ही पेट्या एकदम सुरू झाल्या, एका सुरात, पहिल्यांदा लोकांसमोर.

त्यांनी जाऊबाईंच्या बसचा रस्ता वाजवला. घंटी वाजली की पुढचा थांबा. बेकरीच्या गल्लीचा ढोल सफाईवालीनं धरला आणि डावा कोपरा ओरडून उठला. न्हाव्याच्या दुकानावरची धून टायरवाल्यानं छातीशी व्हायोलिन धरून काढली, मागच्या रांगेतून कुणीतरी शीळ घातली. इस्पितळाचा थांबा आला तेव्हा दोन पेट्यांनी ते चार आवाजांतलं गाणं धरलं आणि वरच्या गॅलरीतल्या नर्सबायका आपोआप गायला लागल्या, कुणी सांगितलं नव्हतं. मग प्रत्येक घंटीला लोक आपला थांबा कधी येतो याची वाट बघायला लागले, आणि दुसऱ्याच्या थांब्यालाही टाळ्या द्यायला लागले. डोंगराकडचा आला, समुद्राकडचा आला, आमचा आला. भावजी लहान मुलासारखे रडत होते. मी पण, कशाला लपवू. शेवटच्या थांब्याला सगळं सभागृह उभं होतं, आणि या वेळी घरी जायला कुणी उठलं नव्हतं.

खाली आल्यावर मिस्त्री जाऊबाईंसमोर थांबले. पेटी गळ्यातच होती. म्हणाले, "बाई, इतकी वर्षं ही माझ्या बापाची पेटी होती. आज माझी झाली." एवढंच. मग म्हणाले, तहान लागलीय.

सासूबाईंना मी त्याच संध्याकाळी फोन लावला. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे बस तीच चालवते तर." म्हटलं, हो, तीच चालवते.

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. तरी सकाळी उठून जाऊबाईंच्या बसमध्ये जाऊन बसले, मागच्या बाजूला, त्यांना दिसणार नाही अशी. बस नेहमीसारखी खचाखच. काच खाली, थंडी आत. सहाव्या थांब्याच्या अलीकडे कुणीतरी घंटी दाबली, आणि एका बाईनं तो सूर हळूच ओठात धरला. तिच्या शेजारच्यानं धरला. बेकरीवाल्यांनी, पोरांनी, पिशव्यावाल्यांनी, सगळ्या बसनं धरला. समोरच्या आरशात जाऊबाईंचे डोळे दिसले, रस्त्यावरच होते, पण हसत होते. त्यांनी बस थांब्याला लावली आणि दार उघडलं. कुणीच उतरलं नाही.